एकटा जीव, हायवे नंबर ४४

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा नमुना असतोच. सॉफ्टबोर्डवर लडाखचा फोटो, वॉलपेपरवर बुलेट आणि दर अप्रेझलनंतर तोच डायलॉग, ‘बस्स झालं! आता निघायचं. एकट्याने. काश्मीर टू कन्याकुमारी!’ मग सोमवार उजाडतो, क्लायंटचा कॉल येतो आणि साहेबांची बुलेट पुन्हा हिंजवडीच्या सिग्नलला उभी.

बॉस, नोकरी सोडायची काही गरज नाही. अडीच आठवड्यांची सलग रजा, सर्व्हिसिंग केलेली गाडी आणि घरच्यांची परवानगी (किंवा निदान त्यांचं मौन) एवढ्यावर हे काम होतं. बाइक रेल्वे पार्सलने जम्मूला पाठवायची, आपण झेलम एक्सप्रेसने जायचं, तिथून श्रीनगर गाठायचं आणि गाडीचं तोंड दक्षिणेकडे वळवायचं. रस्ता शोधावा लागतच नाही. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर मिळाले, तेव्हा सात जुन्या महामार्गांचे तुकडे जोडून एनएच ४४ तयार झाला. श्रीनगर ते कन्याकुमारी, पावणेचार हजार किलोमीटरहून जास्त. देशातला सर्वांत लांब हायवे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा जुना ‘सात नंबर’ही त्यातलाच.

मी हा रस्ता दीडशे सीसीच्या साध्या बाइकवर बारा दिवसांत केला. त्यावर बायकर दोस्तांचा पहिला प्रश्न काय? ‘बारा? एवढे?’

टार्गेट घरी ठेवा

सगळी गोम इथेच आहे. ‘के टू के’ म्हटलं की आपल्याकडे लगेच हिशेब सुरू होतो तासांचा. कोण तीन दिवसांत पोहोचलं, कोणी एका दिवसात हजार किलोमीटर मारले. म्हणजे वर्षभर टार्गेटच्या नावाने बोटं मोडायची आणि रजा मिळाल्यावर स्वतःच स्वतःचा मॅनेजर व्हायचं! ग्रुप असला की कुणाला चहा हवा असतो, कुणाची कंबर धरते, कुणाला फोटो काढायचा असतो. शिव्या घालत का होईना, सगळे थांबतात. एकट्याला मात्र ‘आता पुरे’ म्हणणारं कुणी नसतं. त्यात हायवे आता इतका गुळगुळीत झालाय की शंभर किलोमीटर कधी गेले तेही कळत नाही. सोलो ट्रिपमध्ये गाडी चालवणं हे सोपं काम आहे, अवघड काम आहे थांबणं.

आणि हा नुसता फंडा नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातले एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर झाले. रस्त्यांच्या एकूण जाळ्यात या महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे, हे लक्षात घेतलं की आकडा जास्त बोचतो. सर्वाधिक अपघातांची वेळ कोणती? मध्यरात्र नव्हे, संध्याकाळी सहा ते नऊ. तुम्ही दमलेले, उजेड गेलेला, आणि ‘अजून फक्त साठ किलोमीटर’ असं मॅप सांगत असतो. पुढे बिनरिफ्लेक्टरचा उभा ट्रक, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, डिव्हायडरवरच्या कण्हेरीतून अचानक उतरणारी म्हैस.

म्हणून माझा नियम एकच होता. दिवसाला साधारण साडेतीनशे किलोमीटर आणि संध्याकाळी पाचला हेल्मेट खाली. उद्याचं गाव आज रात्री ठरवायचं, पण आजचं गाव बदलायला लागलं तर ते अलीकडचं निवडायचं, पलीकडचं नाही.

पुलावरचं पानिपत

सुरुवातीचे अडीचशे किलोमीटर मात्र तुमच्या वेळापत्रकाला भीक घालत नाहीत. काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा २०२१ पासून आणि चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा २०१७ पासून सुरू आहे, त्यामुळे प्रवास पुष्कळ सोपा झालाय. पण मधला रामबनचा डोंगर आजही मनात येईल तेव्हा खाली येतो. २०२५ च्या पावसाळ्यात हा हायवे दरडींमुळे आणि रस्ता खचल्यामुळे दिवसेंदिवस बंद होता. इथे एक दिवस हातचा ठेवा. आणि हो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये मुकं होतं, पोस्टपेड लागतं. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती तुमच्या मॅनेजरला फोन करेल.

पंजाब ओलांडून हरियाणात आलं की पानिपत. ज्या गावाचं नाव आपण भाषेत क्रियापदासारखं वापरतो, मॅच हरली तरी ‘पानिपत झालं’ म्हणतो, ते गाव या हायवेवर उंच पुलाखाली आहे. ॲक्सिलरेटर पिळलेला असला तर काही मिनिटांत संपतं. खाली दुकानांच्या पाट्या, हँडलूमचे बोर्ड, संपलं पानिपत! मी मुद्दाम खाली उतरले. शहराबाहेर काही किलोमीटरवर ‘काला अंब’ नावाचं स्मारक आहे. १४ जानेवारी १७६१ च्या रणभूमीची ही खूण. रक्ताने आंब्याचं झाड काळं पडलं अशी तिथली आख्यायिका. झाड आता नाही. एक स्तंभ, बाग आणि शांतता. दुपारची वेळ होती. दोन कॉलेजकुमार सावलीला बसून मोबाइलवर गेम खेळत होते. त्यांना विचारलं, इथे काय झालं होतं? एक म्हणाला, ‘लडाई हुई थी जी, मराठे आए थे.’ मान न वर करता. अडीचशे वर्षांपेक्षा जास्त काळ आपण उराशी धरलेली गोष्ट तिथे सात शब्दांत आटोपली. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर जरा हलकंच वाटलं.

तिथून तासाभरावर मूरथलचे पराठे. पांढऱ्या लोण्याच्या गोळ्यासकट. तिथे गर्दी विचारू नका. दिल्लीच्या पुढे ग्वाल्हेर, झाशी, सागर अशी मराठी इतिहासाची रांगच लागते, आणि हायवे या शहरांच्या बाहेरूनच निघून जातो. तिन्ही बघायची हाव नको, एक निवडा. मी ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंची समाधी पाहिली आणि बाकीची दोन सरळ सोडून दिली.

नागपूर येण्याआधी पेंचच्या जंगलात एक भन्नाट प्रकार आहे. रस्ताच उचलून खांबांवर ठेवलाय, जनावरांना खालून जाता यावं म्हणून. सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा. कॅमेऱ्यांनी वाघही खालून जाताना टिपलेत. वरून जाणाऱ्याला अर्थात काहीच दिसत नाही. नागपूरला एक दिवस पूर्ण सुट्टी, तर्री पोहे, चेनला तेल आणि बारा तास झोप.

‘एकटीच?’

या रस्त्यावर मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द कोणता असेल? पंजाबात ‘इकल्ली?’ हरियाणात ‘अकेली?’ हिंगणघाटला चहाच्या टपरीवर आपल्या भाषेत ‘एकटीच?’ पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरलं की ‘ओक्करेना?’ बंगळूरच्या अलीकडे ‘ओब्बरेना?’ आणि होसूरच्या पुढे ‘तनिया?’ प्रश्न एकच, पण सूर प्रत्येक ठिकाणी वेगळा. कुठे काळजी, कुठे संशय, कुठे निव्वळ करमणूक. एका छोट्या गावातल्या लॉजवाल्याने ‘सिंगल लेडीज को नहीं देते’ म्हणून खोली नाकारली. दुपारचे साडेचारच वाजले होते, त्यामुळे पुढच्या गावात उजेडी पोहोचता आलं. पाचचा नियम अशा वेळी कामाला येतो. मुलींनो, शक्य तिथे राज्य पर्यटन महामंडळांची हॉटेल्स बघा. चादरी बोअर असतात, पण प्रश्न कमी विचारतात.

तमिळनाडूत मात्र ‘तनिया?’च्या पाठोपाठ दुसरा प्रश्न यायचाच, ‘सापिट्टाच्चा?’ म्हणजे जेवलीस का. नामक्कलजवळ एका मेसच्या मावशींनी उत्तराची वाटही न बघता केळीचं पान मांडलं. भाषा शून्य, पण भाताचा तिसरा वाढप नाकारायला हातवारे पुरले नाहीत.

हा दक्षिणेचा पट्टा मला सगळ्यात आवडला. हिंदूपूरच्या फाट्यावरून थोडं आत लेपाक्षी. विजयनगर काळातलं देऊळ आणि एका दगडातला अवाढव्य नंदी. दिंडीगलची कुलपं आणि बिर्याणी. कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की, कडलै मिठाई, तिला २०२० मध्ये जीआय टॅग मिळालाय. लोणावळावाल्यांची माफी मागून सांगते, तोडीस तोड आहे. वळ्ळियूरच्या पुढे पवनचक्क्या दिसायला लागतात आणि वारा बाइकला आडवा ढकलतो. तिथे चाळीसच्या वर जाऊ नका.

थोडं कामाचं

राष्ट्रीय महामार्गांवर बाइकला टोल नाही. कारवाल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय. सुरुवातीला त्याची किंमत ३,००० रुपये होती, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर बाइकला बंदी आहे, शहरातूनच जावं लागतं, त्यामुळे ते सकाळी लवकर उरका. हायवेवर काही झालं तर १०३३, एरवी ११२. रोज संध्याकाळी घरी लाइव्ह लोकेशन पाठवा. स्वातंत्र्य वगैरे सगळं ठीक आहे, पण तुम्ही नेमके कुठे आहात हे एका तरी माणसाला माहीत हवं.

कन्याकुमारीला समुद्रातल्या खडकावरचं विवेकानंद स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं, ते अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांच्या चिकाटीने. शेजारी तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा, आणि डिसेंबर २०२४ पासून दोघांना जोडणारा काचेचा पूल. बोटी दुपारी चारच्या सुमारास बंद होतात, म्हणून शेवटच्या दिवशी तरी सकाळी पोहोचा. परतीला बाइक रेल्वे पार्सलने टाकायची असेल तर आरसीची झेरॉक्स जवळ ठेवा. आणि आदल्या दिवशी उत्साहात टाकी फुल्ल करू नका, पार्सलवाले सगळं पेट्रोल काढायला लावतात.