राहते गाव कोणते? : बाह्यरुग्ण कर्करुग्णांची मोजणी

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना परिचित आहे. पुणे तेथून तीसएक किलोमीटर. अशा गावातील अनेक कर्करुग्णांना आता उपचारांसाठी रुग्णालयात मुक्काम करावा लागत नाही. सकाळी यावे, सलाईनमधून औषध घ्यावे, संध्याकाळी घरी परतावे. किरणोपचार असतील तर बहुधा आठवड्यातून पाच दिवस फेऱ्या. स्तनाच्या कर्करोगावरील काही गोळ्या तर पाच-पाच वर्षे घरीच घ्यायच्या असतात.

सोय मोठी आहे. मोजणी मात्र अवघड होते. खाटा मोजणाऱ्याला हे रुग्ण दिसत नाहीत. बाह्यरुग्ण विभागाच्या वहीत एकच रुग्ण सहा वेळा दिसतो, कारण ती वही माणसे नव्हे, भेटी मोजते. म्हणूनच कर्करोग नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत जाऊन नाव, वय, पत्ता व निदान ताडून पाहतात आणि एका रुग्णाचा एकच आजार एकदाच नोंदवतात. भारतात ही पद्धत १९६३ साली मुंबईत सुरू झाली. १९७३ पासून पुण्यातही नोंदणी आहे. पण ती नागरी भागाची. शिरूर तालुका तिच्या कक्षेत येत नाही.

येथे पत्त्याचे महत्त्व कळते. उपचारांच्या काळात रुग्ण शहरातील नातेवाइकांकडे उतरतो आणि केसपेपरवर त्यांचाच पत्ता सांगतो. मग गावचा आजार शहराच्या खात्यावर जमा होण्याचा संभव असतो. कैसर औगुस्ताच्या नावनोंदणीसाठी योसेफ व मरिया बेथलेहेमला गेली, ते मूळ गाव म्हणून. येथे विचारले जाते ते राहते गाव, निदानापूर्वी निदान वर्षभर जेथे वास्तव्य होते ते.

ग्रामीण मोजणी काय साधते, हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दाखवले. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुण्या-मुंबईत स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अग्रस्थानी आला असताना बार्शी परिसरात गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे होता. शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ४९७ गावांतील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली होती, त्या गटात या आजाराने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. आमच्या मते ही एक गोष्ट प्रत्येक धर्मग्रामातील महिला मंडळाला ठाऊक असायला हवी.

आजाऱ्यांना सोबत म्हणून रुग्णालयात जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना एवढीच विनंती : खिडकीवर पत्ता विचारला की रुग्णाचे राहते गाव व तालुका सांगा, नातेवाइकांचा पत्ता व दूरध्वनी संपर्कासाठी वेगळा लिहून घ्यायला सांगा. पहिल्या निदानाचा कागदही फाईलमध्ये जपून ठेवा. रुग्णालय बदलले, तर तोच कागद लागतो.