एक किलो पाला, एकोणतीस वर्षांचा श्वास

मेळघाटात फेब्रुवारी सरू लागला की सागाची पानं गळतात. सेमाडोहच्या चहूबाजूंच्या डोंगरउतारांवर, सिपना नदीच्या काठाने, वाळक्या पाल्याचा थर साचत जातो. त्यातला फक्त एक किलो पाला घ्या. पेटला तर काही मिनिटांत त्याची राख होते. पण त्या काही मिनिटांत हवेत जे जातं, त्याचा हिशेब मांडायला बसलं की आकडे आवरत नाहीत.

वाळकं गवत, पाला, काटक्या उघड्यावर जळतात तेव्हा दर किलोमागे साधारण ७ ग्रॅम अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. जगभरातल्या वणव्यांच्या मोजमापांतून आलेली ही सरासरी आहे. पाला दमट असला, नुसताच धुमसत राहिला, तर आकडा वाढतो. या कणांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. भारताने २००९ मध्ये ठरवलेल्या मानकानुसार २४ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत असे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. ७ ग्रॅम म्हणजे ७० लाख मायक्रोग्रॅम. त्याला ६० ने भागलं की उत्तर येतं १ लाख १६ हजार घनमीटर. एवढी निर्मळ हवा एका किलोच्या धुराने मर्यादेच्या रेषेवर येते.

आता श्वास मोजू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १५ च्या आसपास श्वास घेतो आणि दर श्वासात अर्धा लिटर हवा आत ओढतो. दिवसाचे झाले २१,६०० श्वास आणि जवळपास ११ घनमीटर हवा. १ लाख १६ हजार घनमीटर हवा एका माणसाला १०,६०० दिवस, म्हणजे २९ वर्षं पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली २४ तासांची मर्यादा आणखी कडक आहे, १५ मायक्रोग्रॅम. तो निकष लावला तर हिशेब ११६ वर्षांवर जातो. एक किलो पाला एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याची हवा मर्यादेला नेऊन भिडवतो.

वजन नगण्य, संख्या अफाट

मर्यादेइतकी दूषित हवा वर्षभर घेतली तरी आत जाणाऱ्या कणांचं वजन पाव ग्रॅमही भरत नाही. ते चिमूटभर मिठाएवढं असतं. मग एवढी चिंता का करायची? कारण इथे वजनापेक्षा संख्या बोलते. धुरातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनहूनही फार लहान असतात. ०.३ मायक्रॉन व्यासाचा एक कण धरला तर एका किलो पाल्यातून असे सुमारे ३८० लाख कोटी कण निघतात. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४७ हजारांहून अधिक येतील. मर्यादेच्या रेषेवरच्या हवेत अर्ध्या लिटरचा एकच श्वास घेतला तरी १६ लाखांच्या आसपास कण आत जातात.

आपल्या फुप्फुसांत तीस कोटींहून अधिक वायुकोश आहेत. त्यांची भिंत जिथे सर्वात पातळ असते तिथे ती एक मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीची असते. मोठी धूळ नाकात आणि घशात अडते. हे कण मात्र थेट त्या भिंतीपर्यंत पोचतात. त्यातले अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणून या धुराचा जाच फक्त खोकल्यापुरता राहत नाही, तो हृदयापर्यंत पोचतो.

आकाश मोठं, वाटा छोटा

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये झाला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. आज त्याचा पसारा सुमारे २,७०० चौरस किलोमीटर आहे. जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण दहा टन हवेचा भार असतो. म्हणजे एकट्या मेळघाटावर उभी असलेली हवा २,७०० कोटी टन. एवढ्या हवेला एखाद्या वणव्याने काय फरक पडणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण धूर या साऱ्या हवेत मिसळत नाही. मे महिन्याच्या दुपारी जमीन भाजून निघते, तापलेली हवा उसळून वर जाते आणि धूर तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळला जातो. थंडीच्या निरभ्र रात्री याच्या अगदी उलट घडतं. जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, उतारांवरून सिपनेच्या खोऱ्यात उतरून साचते. वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. गार हवा वर चढत नाही, वारा पडलेला असतो, आणि धूर जमिनीलगतच्या शंभरेक मीटरच्या थरात कोंडून राहतो. अशा रात्री मेळघाटाच्या २,७०० कोटी टन हवेपैकी जमिनीवरच्या जिवांच्या वाट्याला येते ती जेमतेम ३० कोटी टन, शंभरातला एक हिस्सा.

एक हेक्टर जंगल पेटलं आणि त्यात तीन टन पाला जळला, असं धरू. हवेत २१ किलो कण गेले. मेच्या दुपारी, तीन किलोमीटरच्या थरात, हा धूर सुमारे १२ हेक्टरवरची हवा मर्यादेला नेतो. तोच धूर शंभर मीटरच्या थरात कोंडला तर ३५० हेक्टरवरची हवा मर्यादेला जाते. पाला तेवढाच, आग तेवढीच, फरक तीसपट. त्यात वारा धरला तर अंतर आणखी वाढतं. दुपारी सेकंदाला पाच मीटर आणि रात्री एक मीटर वारा मानला, तर धूर वाहून नेण्याची हवेची ताकद दुपारच्या मानाने रात्री दीडशेपट कमी भरते.

याच हिशेबाने मेळघाटाच्या २ लाख ७० हजार हेक्टरांपैकी ७७० हेक्टर एका शांत, गार रात्री पेटले, तर सगळ्या मेळघाटावरचा तो शंभर मीटरचा थर मर्यादेला पोचतो. हजारातले तीन हेक्टरसुद्धा नाहीत.

पाऊस नसता तर

शून्य वाऱ्यात ०.३ मायक्रॉनचा कण दिवसभरात अर्धा मीटरही खाली येत नाही. एक किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला जवळजवळ सहा वर्षं लागतील. प्रत्यक्षात असे कण सरासरी आठवडाभर हवेत राहतात, कारण पाऊस त्यांना खाली आणतो. मात्र आठवडा थोडा नाही. ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यावर सात दिवसांत कण १,६०० किलोमीटरहून लांब जातो. सेमाडोहपासून पंजाब याहून जवळ आहे. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या क्यूबेकमधल्या वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर ओलांडून न्यूयॉर्कवर आला आणि भरदिवसा आकाश नारिंगी झालं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातून उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून मुंबईत पोचलं होतं.

पावसाचं कामही थक्क करणारं आहे. सगळ्या मेळघाटावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर २७० कोटी लिटर पाणी होतं. दोन मिलिमीटर व्यासाचे थेंब धरले तर त्यांची संख्या ६५० लाख कोटींच्या घरात जाते. एवढ्या थेंबांच्या वाट्याला एकेकच कण येत असता, तर त्या साऱ्या पावसाने पावणेदोन किलो पाल्याचाच धूर धुतला असता. पण ढगातला प्रत्येक सूक्ष्म जलकण एखाद्या धूलिकणाभोवतीच जन्मतो आणि असे सुमारे दहा लाख जलकण एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. म्हणजे एकेक थेंब लाखो कण घेऊन खाली उतरतो. म्हणून जूनमध्ये मृग बरसला की मेळघाटाची हवा इतकी निवळते. आणि म्हणूनच फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने हवेच्या दृष्टीने जोखमीचे असतात. वणव्याचे दिवसही नेमके तेच.

माणसाचा हात

मेळघाटातले बहुतेक वणवे आपोआप लागत नाहीत. मोहफुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. ती पाल्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि आग पुढे सरकते. तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. कुठे विडीचं थोटूक पुरतं. इथल्या कोरकू आदिवासी कुटुंबांसाठी मोह हे अन्न आणि रोकड दोन्ही आहे. त्यामुळे त्यांना नुसता दोष देऊन काही साधणार नाही.

शिवाय धुराचा सगळ्यात मोठा घोट बाईच्या वाट्याला येतो. चुलीत एक किलो लाकूड जळलं की सहा ग्रॅमच्या आसपास कण निघतात. त्यातला शंभरावा हिस्सा जरी ३० घनमीटरच्या स्वयंपाकघरात राहिला, तरी तिथली हवा दर घनमीटरला २,००० मायक्रोग्रॅमवर जाते. मर्यादेच्या तेहतीसपट. घरातल्या धुराने २०२० मध्ये जगभरात ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

डोंगराखालच्या वऱ्हाडाचा वाटाही लहान नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानक न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. तिथे रस्त्याची धूळ, वाहनं, बांधकामं आणि पेटवलेला कचरा आहे. शेतांत पऱ्हाटी जळते. अकोला जिल्ह्यात पारसच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. एवढ्या क्षमतेचं कोणतंही केंद्र दिवसभर पूर्ण ताकदीने चाललं, तर विजेच्या एका युनिटला ०.७ किलो धरून ८,४०० टन कोळसा लागतो. त्यात ३४ टक्के राख धरली आणि तिच्यातली ८० टक्के धुरासोबत उडाली, तर रोजची २,३०० टनांच्या आसपास राख धुराड्याच्या गाळणीला अडवावी लागते. गाळणी ९९ टक्के चालली तर २३ टन राख बाहेर पडते आणि ९९.९ टक्के चालली तर २.३ टन. टक्क्याच्या नऊ दशांशांत रोजच्या वीस टनांचा फरक आहे. म्हणून गाळणीची देखभाल ही कागदावरची औपचारिकता मानता येत नाही.

वेळ टाळून भागणार नाही

हे सगळे आकडे वाचल्यावर कुणी म्हणेल की पाला दुपारी पेटवावा, म्हणजे धूर वर निघून जाईल. गोम इथेच आहे. ज्या उन्हाने आणि वाऱ्याने धूर विरतो, त्याच उन्हाने आणि वाऱ्याने आग हाताबाहेर जाते. सकाळी, संध्याकाळी आग आटोक्यात राहते, पण धूर गावात कोंडतो. जंगलात पाला पेटवायला योग्य अशी वेळच नाही. उपग्रह सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून १४ हेक्टरच्या चौकोनातली आग टिपतो, वनखातं जाळरेषा काढतं, वनरक्षक आणि हंगामी मजूर हिरव्या डहाळ्या आणि ब्लोअर घेऊन रात्रीबेरात्री डोंगर चढतात. पण त्यांचं काम काडी ओढल्यानंतर सुरू होतं.

काडी न ओढणं शक्य आहे. मोहाखालचा पाला खराट्याने झाडून बाजूला करता येतो, झाडाखाली जाळी बांधून फुलं वरच्या वर झेलता येतात. पऱ्हाटी यंत्राने बारीक करून जमिनीत घालता येते, शहरातला पालापाचोळा खड्ड्यात कुजवता येतो. यातलं काहीही अवघड नाही, पण जाळीला पैसे लागतात, यंत्र भाड्याने मिळावं लागतं आणि चुलीऐवजी गॅस वापरायचा तर दुसरा सिलिंडर परवडावा लागतो. तो खर्च एकट्या मोह वेचणाऱ्या कुटुंबावर टाकू नये. मेळघाटातल्या ग्रामसभांनी जानेवारीतच जाळ्यांची मागणी नोंदवावी, वनखात्याने मोह गळायच्या आत त्या गावात पोचवाव्यात, आणि अमरावती-अकोल्यातल्या आपण सगळ्यांनी या हंगामात आपल्या दारातला पाला पेटवू नये.