नगर, उपनगर की ग्राम? : खाप्याच्या संदर्भात निवासनिवडीचा विचार

मनुष्याने कोठे राहावे हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक आवडीचा वाटतो. कोणास शहराची गजबज रुचते, कोणास मोकळी हवा आणि अंगण हवे असते. परंतु निवासाची निवड ही एकट्या घराची निवड नसते. घराबरोबर व्यवसाय, प्रवास, शाळा, दवाखाना, शेजार आणि सामाजिक प्रतिष्ठा या साऱ्यांचीच निवड होत असते. या गोष्टी सुट्या मिळत नाहीत, एका गाठोड्यातच घ्याव्या लागतात. म्हणूनच अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र या तिन्ही शास्त्रांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. त्या विचारातील प्रमुख सूत्रे नागपूर जिल्ह्यातील खापा या गावास लावून पाहिली असता ती कोठवर उपयोगी पडतात व कोठे अपुरी ठरतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

खापा : नगर की ग्राम?

खापा हे सावनेर तालुक्यातील गाव कन्हान नदीच्या काठी, नागपूरच्या उत्तरेस सुमारे 35 किलोमीटरांवर वसले आहे. (कोराडीनजीकचे औष्णिक वीजकेंद्राचे खापरखेडा ते हे नव्हे.) येथे 1867 साली नगरपालिका स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला. 1901 च्या जनगणनेत खाप्याची वस्ती साडेसात हजारांवर होती आणि नागपूरची 1,27,734. पुढील एकशेदहा वर्षांत नागपूर शहराची लोकसंख्या 24,05,665 झाली, म्हणजे जवळजवळ एकोणीसपट. खापा मात्र या काळात दुपटीच्या आसपासच वाढले. दोन्ही ठिकाणी नगरपालिका होती, दोन्ही ठिकाणी विणकर होते. तरीही वाढीत इतके अंतर पडले, यातच विषयाचे मर्म आहे.

भारतीय जनगणनेनुसार नगर ठरण्याचे दोन मार्ग आहेत. जेथे नगरपरिषद, महानगरपालिका यांसारखी वैधानिक संस्था आहे ते स्थान नगर होय. जेथे ती नाही तेथे तीन कसोट्या लावतात : वस्ती किमान 5,000, घनता दर चौरस किलोमीटरास किमान 400, आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरील व्यवसायांत. खापा पहिल्या मार्गानेच नगर आहे. पण त्याच्या सभोवती कापूस, संत्रा व भाजीपाल्याची शेती आहे, जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे आणि कोष्टीपुऱ्यात मागांची परंपरा आहे. अशा स्थानास नगर म्हणावे तर शहरी सुखसोयी अपुऱ्या, ग्राम म्हणावे तर ग्रामपंचायत नाही. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. घरकुलाची शासकीय योजनाही शहरी आणि ग्रामीण अशी विभागलेली आहे. 1992 च्या 73 व्या व 74 व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्याचेही असेच दोन मार्ग आखून दिले. निवासाचा प्रकार बदलला की नागरिकाचे हक्क मागण्याचे दारही बदलते.

तीन चुंबके

इंग्रज विचारवंत एबेनेझर हॉवर्ड याने 1898 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तीन चुंबकांची कल्पना मांडली. नगर हे पहिले चुंबक : तेथे मजुरी, संधी व करमणूक आहे, पण भाडे जड आणि हवा दूषित. ग्राम हे दुसरे : तेथे निसर्ग व स्वस्त जमीन आहे, पण काम अपुरे आणि सोबत विरळ. या दोहोंचे गुण एकत्र आणून दोष टाळणारे उद्याननगर हे तिसरे चुंबक. हॉवर्डचे उद्याननगर हे स्वतःचे कारखाने व स्वतःची शेती असलेले स्वयंपूर्ण नगर होते. प्रत्यक्षात त्या नावाखाली जगभर जी वस्ती वाढली ती बहुतांशी उपनगरांची, म्हणजे रात्री झोपण्यापुरती. नागपूरच्या बेसा, कोराडी, हिंगणा या दिशांना पसरलेल्या नव्या वसाहती याच जातीच्या आहेत.

दुसरे सूत्र जमिनीच्या भाड्याचे. जर्मन अर्थवेत्ता फोन थ्यूनेन याने 1826 साली शेतीसंबंधी जो विचार मांडला, तोच 1964 साली विल्यम अलोन्सो याने शहरातील निवासास लावला. शहराच्या केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतसे जागेचे भाडे उतरते व प्रवासाचा खर्च चढतो. या दोहोंचा मेळ जेथे कुटुंबास परवडेल तेथे ते राहते. हे सूत्र साधे आणि उपयुक्त आहे. मात्र प्रवासाचा खर्च म्हणजे केवळ तिकिटाचे पैसे नव्हेत. समजा, खाप्याहून नागपुरास जाण्यास सव्वा तास व येण्यास तितकाच वेळ लागतो. महिन्याचे 25 दिवस धरले तर साडेबासष्ट तास, म्हणजे आठ तासांच्या जवळजवळ आठ दिवसपाळ्या प्रवासातच जातात. घरभाड्यात वाचलेली रक्कम या आठ पाळ्यांच्या मोबदल्याहून अधिक असेल तरच दुरून येणे फायद्याचे, असा हिशेब मांडता येतो.

घर आणि माग

वरील दोन्ही सूत्रे एक गोष्ट गृहीत धरतात : घर एकीकडे आणि काम दुसरीकडे. विणकराच्या बाबतीत हे गृहीतच लागू पडत नाही. उमरेड, पवनी, भंडारा यांच्याप्रमाणे खापाही हातमागासाठी, विशेषतः रेशीमकाठी लुगड्यांसाठी, ओळखले जाई. खड्डामागाला जमीन उकरावी लागते, म्हणजे तळमजल्याचे व स्वतःच्या मालकीचे घर लागते. ताणा पसरून त्यास पाजण करण्यासाठी लांब व मोकळी गल्ली लागते. कांड्या भरणे, सूत उकलणे ही कामे घरातील स्त्रिया, मुले व वृद्ध करीत. अशा कुटुंबास शहरातील भाड्याची खोली स्वस्त मिळाली तरी ती निरुपयोगी, कारण तीत माग बसत नाही, गल्ली मिळत नाही आणि घरातील निम्म्या हातांचे काम जाते. म्हणून विणकराचे स्थलांतर हे घर बदलणे नसून व्यवसाय बदलणे असते.

1877 साली जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि घर व काम यांची फारकत करणारी दुसरी जीवनपद्धती या प्रदेशात आली. गिरणीत पाळी होती, पगार होता, परंतु तो एकट्याच्या श्रमाचा होता. गिरणीही चिरस्थायी ठरली नाही. 1986 नंतर ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 साली बंद पडली. माग मोडून शहरात गेलेल्या कुटुंबास गिरणी मिटल्यावर मागे फिरणे सोपे नव्हते. गावचे घर विकलेले, कसब पुढच्या पिढीत उतरलेले नाही आणि बाजार यंत्रमागाने व्यापलेला. येथे एक महत्त्वाचे तत्त्व हाती येते : निवासाचा विचार करताना जाण्याच्या खर्चाइतकाच परतीचा खर्चही मोजला पाहिजे. शहरातील खोली महिन्याच्या सूचनेने सोडता येते, पण उपटलेला माग तितक्या सहजतेने पुन्हा रोवता येत नाही.

हिशेबाबाहेरच्या गोष्टी

निवासाचा प्रश्न केवळ रुपयांचा नाही, हे विदर्भाने फार पूर्वीच पाहिले आहे. 1936 साली महात्मा गांधी वर्ध्यानजीकच्या सेवाग्रामी वास्तव्यास गेले, ते ग्राम हाच राष्ट्रजीवनाचा पाया आहे या श्रद्धेने. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ग्रामव्यवस्थेवर कठोर टीका केली. ज्याला पाणवठ्यावर आणि पारावर जातीने हिणवले जाते त्याच्या दृष्टीने खेड्याची आत्मीयता ही पाळतच असते आणि शहराची अनोळख ही सुटका असते. या दोन भूमिकांपैकी एकच खरी मानण्याचे कारण नाही. एकाच गावात राहणाऱ्या दोन कुटुंबांना तेच गाव दोन निराळ्या वस्तू म्हणून प्राप्त होते, एवढे मात्र निश्चित. स्त्रीच्या बाबतीतही असेच. लेकीला महाविद्यालयासाठी रोज दूर पाठवावे की शहरात खोली घ्यावी, हा प्रश्न पुष्कळदा साऱ्या कुटुंबाचा मुक्काम ठरवितो.

अपडाउन आणि त्याचे परिणाम

नगर, उपनगर आणि ग्राम यांपैकी एक निवडण्याऐवजी अनेक कुटुंबे स्वतःचीच वाटणी करतात. आईवडील व शेतघर गावी, मुलगा शहरात, सणासुदीला सारे एकत्र. उलट दिशेनेही असे घडते. लहान गावी नेमणूक झालेला नोकरदार मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात राहतो आणि रोज अपडाउन करतो. शिक्षक, तलाठी आदींनी मुख्यालयी राहावे हा नियम वारंवार चर्चेत येतो तो यामुळेच. प्रत्येक कुटुंबाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा असतो. परंतु पगारदार वर्ग गावाबाहेर राहू लागला की त्याचा किराणा, त्याचे भाडे आणि मुख्य म्हणजे शाळा-दवाखान्याबद्दलची त्याची तक्रार गावाबाहेर जाते. तक्रार करणारा गेला की सेवा खालावते, सेवा खालावली की आणखी एक कुटुंब निघते. गुन्नार मिर्डाल याने 1957 साली वर्णिलेली संचयी कार्यकारणाची साखळी ती हीच. नागपूर एकोणीसपट आणि खापा दुप्पट, या अंतरामागील अनेक कारणांत हिचाही वाटा संभवतो.

छिंदवाड्याकडील अरुंद लोहमार्ग 2015 साली रुंदीकरणासाठी बंद झाला व त्या जागी रुंद मार्ग आला. 2017 साली स्थापन झालेल्या नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेत सावनेर तालुक्याचा काही भाग आला. वाहतूक सुधारली की लहान गाव तरते, असा समज आहे. पण चांगला रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. गावातच काम, शाळा व उपचार असतील तर तो बाहेरच्या माणसाला आत आणतो. ते नसतील तर आतल्याला बाहेर नेतो.

तात्पर्य

विवेचनाचा निष्कर्ष असा. पहिले, निवासाची निवड भाडे व प्रवास यांच्या हिशेबाने सुरू होते, पण जेथे घर हेच कर्मशाळा असते तेथे हा हिशेब अपुरा पडतो. दुसरे, परतीचा खर्च व सामाजिक प्रतिष्ठा ही दोन पदे त्यात मिळविल्यावाचून कुटुंबांचे खरे वर्तन उलगडत नाही. तिसरे, प्रत्येकाच्या सुज्ञ निवडींची बेरीज गावाच्या हिताची असेलच असे नाही. खाप्यासारख्या गावी क्षेत्रपाहणी करणाऱ्या अभ्यासकाने ‘आपण येथे का राहता?’ या प्रश्नाबरोबर ‘येथून गेलात तर परत येता येईल काय?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. नगरीकरणाच्या कोष्टकांत न दिसणारे पुष्कळ काही या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सापडेल.