कोलकात्याखालच्या रेघा

पृथ्वीच्या कवचातील खडक कुठेच निवांत नसतो. वरच्या थरांचे वजन त्याला खाली दाबत असते, अवघ्या एक किलोमीटर खोलीवर हा भार वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीचशे पट भरतो, आणि शिवाय भूपट्टांच्या, म्हणजे कवचाच्या अवाढव्य सरकत्या तुकड्यांच्या, एकमेकांवरील रेट्यामुळे त्याला आडव्या दिशेनेही सतत दडपण सोसावे लागते. खडकाच्या अंगात साठणाऱ्या या दडपणाला प्रतिबल म्हणतात. ते कोणत्याही बिंदूपाशी सगळीकडून सारखे नसते. एका दिशेने ते सर्वाधिक असते, तिच्या काटकोनातल्या एका दिशेने सर्वांत कमी, आणि खडक कोणत्या पातळीवर फुटेल व फुटल्यावर कोणत्या बाजूला सरकेल हे मुख्यतः या फरकावरून ठरते. कवचातील सर्वाधिक आडव्या दाबाची दिशा ठिकठिकाणी शोधून ती आखूड रेघांनी नकाशावर मांडणे, हे भूविज्ञानातील एक अवघड काम आहे. आणि कोलकात्याच्या परिसरात ते जितके अवघड आहे तितके भारतात फार थोड्या ठिकाणी असेल.

कारण या शहराचा प्रदेश दोन बाजूंनी कोंडीत सापडलेला आहे. उत्तरेला सुमारे ४५० किलोमीटरवर हिमालयाचा पायथा आहे आणि तेथे भारतीय भूपट्ट आशियाच्या मुख्य भूमीला भिडलेला आहे. पूर्वेला जेमतेम ३०० किलोमीटरवर त्रिपुराच्या टेकड्या सुरू होतात, आणि त्यांच्या पलीकडे म्यानमारच्या डोंगररांगांखाली हाच भूपट्ट वाकून खोल उतरत गेलेला आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरून पृथ्वीच्या पोटात जाण्याच्या या क्रियेला अधोगमन म्हणतात. अधोगमनाचा हा पट्टा दक्षिणेकडे अंदमानमार्गे सुमात्राला जाऊन मिळतो. अंदमानातील बॅरन बेटावरचा ज्वालामुखी याच अधोगमनाची खूण आहे, आणि २६ डिसेंबर २००४ रोजी त्याच पट्ट्याचा सुमारे १३०० किलोमीटर लांबीचा भाग फाटून त्सुनामी उसळली.

भूकंपांच्या अभ्यासाची भारतातील परंपराही कोलकात्याचीच आहे. १८५१ मध्ये येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठाराला हादरवणाऱ्या भूकंपाने कोलकात्यातील अनेक इमारतींना तडे गेले, तेव्हा याच संस्थेच्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अहवाल लिहिला आणि दूरदूरच्या वेधशाळांतील नोंदींवरून भूकंपलहरींचे तीन निराळे प्रकार ओळखले. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १८९८ रोजी, अलीपूरच्या वेधशाळेत भूकंपलेखक यंत्र सुरू झाले. जुन्या नोंदी मात्र पारखूनच घ्याव्या लागतात. १७३७ मध्ये कोलकात्यात भूकंपाने तीन लाख माणसे मेल्याची नोंद कित्येक जागतिक याद्यांत होती. भूकंपांचे अभ्यासक रॉजर बिल्हॅम यांनी १९९४ मध्ये जुनी कागदपत्रे तपासून दाखवले की ती आपत्ती म्हणजे चक्रीवादळ होते, आणि तेव्हाच्या कोलकात्याची लोकसंख्याच त्या आकड्याच्या जवळपास नव्हती.

प्रतिबल थेट मोजण्याचे यंत्र नाही. त्याच्या परिणामांवरून दिशा ताडावी लागते. खोल विहीर खणली की तिच्याभोवतीचा खडक दाबाला एकट्याने तोंड देतो, आणि भिंतीच्या ज्या दोन समोरासमोरच्या बाजू सर्वाधिक दाबाच्या दिशेशी काटकोन करतात तेथून कपचे निघून विहिरीचे वर्तुळ लांबट होते; त्या लांबट आकारावरून दिशा कळते. दुसऱ्या पद्धतीत विहिरीच्या एका बंदिस्त टप्प्यात पाण्याचा दाब वाढवून खडकाला तडा पाडतात, आणि हा तडा सर्वाधिक आडव्या दाबाच्याच दिशेने जातो. पण विहिरी फार तर काही किलोमीटर खोल जातात. त्याखालची माहिती भूकंपच देतात. भूकंपाची पहिली लहर काही केंद्रांवर जमिनीला बाहेर ढकलते, तर काहींवर आत ओढते. या ढकल-ओढीची मांडणी केली की विभंगाची, म्हणजे खडक ज्या पातळीवर तुटून सरकतो तिची, ठेवण आणि सरकण्याची दिशा समजते. एकट्या भूकंपावरून काढलेली दिशा फसवी असू शकते, कारण खडक बहुधा जुन्या भेगेवरच घसरतो, मग ती भेग दाबाशी कशीही तिरपी असो. म्हणून शेकडो भूकंप एकत्र घेऊन त्या सर्वांना लागू पडेल असे प्रतिबल गणिताने शोधतात. १९८६ मध्ये सुरू झालेल्या जागतिक प्रतिबल नकाशाच्या प्रकल्पात अशा प्रत्येक नोंदीला दर्जा दिला जातो, आणि उत्तम दर्जाच्या नोंदीतही १५ अंशांची चूक गृहीत धरलेली असते. नकाशावरची रेघ सरळ आणि ठाम दिसते, एवढ्यावर विसंबू नये.

कोलकाता ज्यात आहे त्या बंगालच्या खोऱ्यात खरा पेच या रेघा काढल्यानंतर सुरू होतो. त्रिपुरा आणि मिझोराममधील टेकड्या म्हणजे गाळाच्या थरांना पडलेल्या घड्या आहेत, त्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत, आणि घडी नेहमी दाबाच्या आडवी पडत असल्याने येथील दाब पूर्व-पश्चिम असला पाहिजे. याउलट, जाक आंजेलिए आणि सौरभ बरुआ यांनी २००९ मध्ये ईशान्य भारतातील २८५ भूकंपांचे असे विश्लेषण केले, तेव्हा पूर्व हिमालयापासून बंगालच्या खोऱ्यापर्यंत, इतकेच नव्हे तर म्यानमारच्या डोंगरांखाली उतरलेल्या भूपट्टातही, उत्तर-दक्षिण दाबाचा प्रभाव आढळला. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते एकाच खोलीविषयी बोलत नाहीत. फरशीवरची सतरंजी एका बाजूने लोटली की तिला घड्या पडतात, आणि फरशीला त्याचे काहीच नसते. तसा वरचा गाळ खालच्या भूपट्टावरून खरवडला जाऊन पश्चिमेकडे रेटला जातो, तर खालचा भूपट्ट स्वतः उत्तरेकडे ओढला जात राहतो. ४ जानेवारी २०१६ रोजी इंफाळजवळ झालेला ६.७ क्षमतेचा भूकंप सुमारे ५५ किलोमीटर खोलीवर, याच खालच्या भूपट्टात झाला होता. सपाट नकाशावर या दोन मजल्यांच्या रेघा एकमेकींवर पडतात, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

यातून निघणारा वाद केवळ शास्त्रज्ञांपुरता नाही. आग्नेय आशियाच्या सुंदा भूपट्टाच्या तुलनेत भारत या भागात वर्षाला सुमारे ३६ मिलिमीटर सरकतो, आणि त्यातला बराचसा भाग म्यानमारमधील सगाइंग विभंगावर खर्च होतो. उरलेल्या हालचालीबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे विनीत गहलोत आणि सहकारी यांनी २०१३ मध्ये असे मांडले की ती मणिपूरमधील चुराचांदपूर-माओ विभंगावर, भूकंप न होता, हळूहळू घसरून मोकळी होते. मायकेल स्टेकलर, ढाक्याचे सय्यद हुमायून अख्तर आणि सहकारी यांनी २०१६ मध्ये उपग्रहाधारित मोजमापांवरून निराळे चित्र मांडले: दरवर्षी १३ ते १७ मिलिमीटर इतकी पूर्व-पश्चिम आकुंचनाची हालचाल होत असून, गाळाखालची घसरण-पातळी अडकून बसलेली आहे. दुसरे म्हणणे खरे असेल तर तेथे मोठ्या भूकंपाची शिल्लक साचते आहे. पहिला निष्कर्ष धीर देणारा आहे म्हणून तो स्वीकारावा असे मात्र नाही. अधोगमनाच्या पट्ट्यात शंकेचा फायदा धोक्याच्या बाजूनेच द्यायला हवा.

हिमालयाच्या अडवणुकीतून येणारा दाब महाराष्ट्रापर्यंतही पोचतो. टी. एन. गौड, श्रीराम राव आणि विनोद गौर यांनी १९९२ मध्ये भारतीय उपखंडाचे चार प्रतिबल-प्रांत पाडले, त्यांत बंगालचे खोरे आणि आसामची पाचर यांना वेगळे स्थान दिले, आणि द्वीपकल्पाच्या मोठ्या भागात दाबाची दिशा ईशान्येच्या आसपास दाखवली. पुढच्याच वर्षी किल्लारीच्या भूकंपात तेथील खडक अशाच दाबाने फुटला. कोयनेजवळ गोठणे येथे २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल प्रायोगिक विवर पूर्ण झाले ते खोलवरच्या अशा दाबाविषयीच्या प्रश्नांच्या उत्तरासाठीही.

कोलकात्याला तसे विवर उपयोगी पडणे कठीण आहे. शहराखाली कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ आहे, पूर्वेकडे तो १६ किलोमीटरहून अधिक होतो, आणि असा मऊ गाळ खालच्या खडकातील प्रतिबल वर पोचू देईलच याची हमी नाही. १५ एप्रिल १९६४ रोजी सागर बेटाजवळ ५.४ क्षमतेचा भूकंप झाला. असे जवळचे भूकंप विरळ असल्याने त्यांच्यावरून फार थोड्या रेघा काढता येतात. उत्तर चोवीस परगण्यातील अशोकनगरला २०१८ मध्ये तेल सापडले. तेलासाठी खणलेल्या विहिरींच्या भिंतींचे आलेख आणि भारत-बांगलादेश सीमेच्या दोन्ही बाजूंची उपग्रह-मोजमापे एकत्र वाचायला मिळाली, तर या खोऱ्याच्या वरच्या मजल्याचा नकाशा आजच्यापेक्षा खूपच भरेल, आणि ती एकत्र आणण्याचे काम कोलकात्यातील १८५१ च्या त्या संस्थेने हाती घ्यावे.