कापूस, रुई, सरकी : शब्द ओळखा, मग भाव विचारा



बोदवड तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "टीव्हीवर कापूस पन्नास हजाराच्या वर सांगतात. मग व्यापारी आम्हाला सात हजारच का देतो?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर चौकशी केली. घोळ बराचसा शब्दांचा निघाला.

'कापूस' शब्द संस्कृत 'कर्पास'वरून आला. आपला माल दूर देशी गेला, तसा शब्दही गेला. जुन्या ग्रीक भाषेत तो 'कार्पासोस' झाला. इंग्रजीतला 'कॉटन' मात्र अरबी 'कुत्न'वरून आला.

आपल्याकडे एकाच पिकाला टप्प्याटप्प्याने वेगळं नाव आहे :

कपाशी – शेतातलं उभं पीक.
बोंड – फळ. ते फुटलं की वेचणी.
कापूस – वेचलेला, आत बी असलेला. आपण विकतो तो हाच.
कवडी – किडीने खराब झालेला, नीट न फुटलेला कापूस.
रुई – जिनिंगमध्ये बी काढल्यावर उरतो तो धागा.
सरकी – बी. तिचं तेल निघतं, उरलेली ढेप आपल्या म्हशी खातात.
पऱ्हाटी – वेचणी संपल्यावर राहिलेली वाळकी झाडं. चुलीत जातात ती.

(बांधावरची रुई, जिची पानं आपण मारुतीला वाहतो, ती वेगळी. तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.)

आता भावाचं. टीव्हीवरचा तो भाव रुईचा असतो, तोही खंडीचा. एक खंडी म्हणजे 356 किलो रुई. आपण विकतो क्विंटल, म्हणजे 100 किलो, आणि तोही सरकीसकट.

हिशोब करून बघू. समजा खंडी 53,400 रुपये आहे. म्हणजे रुई 150 रुपये किलो. एक क्विंटल कापसातून 34 किलो रुई निघाली तर तिचे 5,100 रुपये. सरकी 64 किलो, समजा 35 रुपये दराने, 2,240 रुपये. उरलेले दोन किलो घट. एकूण 7,340 रुपये. त्यातून जिनिंगचा खर्च, भाडं आणि व्यापाऱ्याचा नफा जातो.

100 किलोत किती रुई निघते, त्याला 'उतारा' म्हणतात. वरच्याच हिशोबात उतारा 34 ऐवजी 36 धरला, तर क्विंटलमागे 230 रुपये वाढतात. दहा क्विंटलला 2,300! उतारा बियाण्याच्या वाणावर असतो, पण कवडी, पालापाचोळा आणि ओलावा आपल्या हातात आहे. म्हणून दव उतरल्यावर वेचा, कवडी वेगळी ठेवा, कापूस वाळवून मगच भरा.

वेचणी आपण बायाच करतो ना? मग मापाच्या वेळीही आपण तिथे असायला हवं. यंदा गाडी भरण्याआधी व्यापाऱ्याला एवढंच विचारा : "भाऊ, उतारा किती धरला?" काय उत्तर मिळालं ते गटाच्या वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत सगळ्या जणी मिळून ताडून बघा.