रमण्यातली दक्षिणा
पर्वतीच्या पायथ्याशी श्रावणमासात भरणाऱ्या रमण्यात, आवाराच्या दारातून एकेका ब्राह्मणास बाहेर सोडताना त्याच्या हातावर पेशवे सरकारची जी दक्षिणा पडे, तिच्या मुळाशी विद्येचा गौरव होता खरा; परंतु विद्येआधी जात पाहिली जाई. रामशास्त्री प्रभुण्यांच्या सख्ख्या भावास जादा रक्कम देण्याचा नाना फडणिसांचा मनोदय खुद्द रामशास्त्र्यांनीच जागीच मोडून काढला, अशी आख्यायिका आहे. निःस्पृहता वंदनीयच, पण आवारात पाऊलही न पडणाऱ्यांस तिचा उपयोग काय? इंग्रजी अमलातही दक्षिणा चालू राहिली, आणि १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृतींनी तिचा काही अंश मराठी ग्रंथरचनेस मिळावा असा अर्ज सरकारात गुदरला, तेव्हा शास्त्रीमंडळींत, अपेक्षेप्रमाणे, गहजब उडाला. पुढे दक्षिणा प्राइज कमिटीमार्फत मराठी ग्रंथकारांस बक्षिसे मिळू लागली.