कार्टूनमधला चावा आणि कुत्र्याचा चावा

चित्रपट कार्टूनचा असला म्हणजे तो लहान मुलांसाठीच असतो, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. ती चुकीची आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९६ साली 'रेसिडेंट ईव्हिल' हा व्हिडिओ गेम काढला. पुढे त्याचे अनेक भाग निघाले आणि २००८ पासून त्यावर संगणकाने तयार केलेले अॅनिमेशनपटही येऊ लागले. २०२३ सालचा 'डेथ आयलंड' हा त्यांपैकीच एक. अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र आहे. म्हणजे १७ वर्षांखालील मुलाला मोठे माणूस सोबत असल्याशिवाय थिएटरात प्रवेश नाही. मोबाइलच्या दारात मात्र तिकीट तपासणारा कोणी उभा नसतो. थोरल्या भावाचा फोन हाती आला की झाले.

या मालिकेत विषाणूची बाधा झालेली माणसे इतरांना चावतात. चावा बसलेला माणूसही काही वेळाने तसाच होतो आणि मग त्याला गोळी घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मोठ्यांना ही करमणूक वाटते. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला मात्र खरे आणि रचलेले यांतला फरक नीट कळत नाही, आणि त्याहून मोठ्यालाही रात्री अंधारात तो कळेलच असे नाही.

साखऱ्यातील माझ्या दवाखान्यात मध्यंतरी नऊ वर्षांचा एक मुलगा आणला होता. चार रात्री तो झोपेतून ओरडत उठत होता. आजीने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या, अंगाराही लावून झाला होता. तपासताना पोटरीवर दातांच्या खुणा दिसल्या. विचारले तर पोरगा दाराकडे बघू लागला. आईला जरा बाहेर बसायला सांगितले, तेव्हा हळूच म्हणाला, "डॉक्टर, मी बी तसाच होणार का?" रस्त्यावरचे कुत्रे चावले होते. भावाच्या मोबाइलवर चावलेल्या माणसाचे काय करतात ते त्याने पाहिले होते, म्हणून घरी कोणाला सांगितलेच नाही. कुत्र्याचा ठावठिकाणा नव्हता. त्याच दिवशी जखम धुऊन सरकारी दवाखान्यात पाठविले व लस सुरू झाली. उशीर झाला म्हणून लस घ्यायचीच नाही, असे कधीही करू नये.

चित्रपटातला विषाणू खोटा आहे, रेबीजचा खरा आहे. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. कुत्रा, मांजर, माकड चावले वा नखाने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. मग लगेच सरकारी दवाखाना गाठावा. तेथे कातडीत देण्याच्या लसीच्या चार फेऱ्या असतात: पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही भरावे लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून घरोघर सांगितली जाते. ती इंजेक्शने बंद होऊन वीसएक वर्षे झाली.

आता झोपेविषयी. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडते. मूल पुरते जागे होते, काय दिसले ते सांगते. त्याला जवळ घ्यावे, "घाबरतोस काय मुलीसारखा" असे म्हणू नये (यात मुलींचाही अपमान आहेच). दुसरा प्रकार झोप लागल्यावर एक ते तीन तासांत होतो. मूल किंचाळते, घामाघूम होते, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. अशा वेळी गदागदा हलवू नये. पडू नये एवढे सांभाळावे, काही मिनिटांत ते पुन्हा झोपते. जागरण वा ताप असल्यास हे वाढते, वयाबरोबर बहुधा आपोआप थांबते. मात्र हातपाय झटके देत असतील, जीभ चावली जात असेल किंवा दिवसाही असे होत असेल, तर ती फीट असू शकते, डॉक्टरांना दाखवावे. शक्य असल्यास त्या वेळचे मोबाइलवर चित्रीकरण करून आणावे. त्या यंत्राचा तेवढा उपयोग आम्हा डॉक्टरांना फार होतो.